सीटखालचं फडकं

रविवार, ८ जानेवारी. सकाळी ७.१०
नवी वही आणली. आता सगळं शिस्तीत.
ही बहिणीकडे जाऊन आठ दिवस झाले. चारच दिवसांसाठी गेली आहे. आठ म्हणजे दोनदा चार, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

झालं काय ते एकदा शांतपणे लिहून काढतो. हिचं छोटंसं ऑपरेशन होतं. डिस्चार्ज अकराला. मी साडेदहाला निघालो, म्हणजे वेळेत. वाटेत मोटरसायकलची चेन तुटली. चेन सैल झालीय असं मेकॅनिक तीनदा म्हणाला होता, पण मेकॅनिक काय, बोलतातच. फोन करणार होतो, पण दोन्ही हात ग्रीसने माखलेले. चारला पोहोचलो तर कॉट रिकामी. नर्स म्हणाली, बाई दीड वाजेपर्यंत बॅग मांडीवर घेऊन बसून होत्या, मग त्यांची बहीण येऊन घेऊन गेली.

संध्याकाळी फोनवर ही एवढंच म्हणाली की एक गाडी धड सांभाळता येत नाही तुला, माणूस काय सांभाळणार.
म्हणजे मुद्दा गाडीचा आहे. एवढंच ना? गाडीचं बघून घेतो.

सोमवार, ९ जानेवारी
ठरलं. रोज साडेपाचला उठून गाडी पुसायची. दर रविवारी धुवायची. पंधरा दिवसांनी चेनला ऑइल. हिला रोज फोन (जमल्यास).

मंगळवार, १० जानेवारी. सकाळी ८.०५
उठायला उशीर झाला. उद्यापासून नक्की. नाहीतरी थंडीत पॉलिश नीट बसत नाही म्हणतात.

शनिवार, १४ जानेवारी
शाम्पू, पॉलिश, तीन ब्रश, रबरी हातमोजे असं सगळं आणलं. चेनच्या फटीत ब्रश जाईना, म्हणून बाथरूममधला हिचा जुना टूथब्रश घेतला. अर्धी चेन घासून झाल्यावर लक्षात आलं की तो जुना नव्हता. रोजचा होता.
ब्रश ठेवून गेलीय म्हणजे परत येणार, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगत होतो. दुकानात जाऊन तसाच हिरवा ब्रश आणला आणि ग्लासात ठेवला. लांबून फरक कळत नाही.

रविवार, १५ जानेवारी
गाडी धुतली. दोन तास. कंबर गेली कामातून.
तळमजल्यावरचे काका खुर्ची टाकून बघत बसले होते. म्हणाले, आज स्वारी स्वतः? रोज तर सूनबाई पुसतात. तू खाली यायच्या आधी, सव्वासहाला, इतकी वर्षं बघतोय मी. पाठीला वाक येईपर्यंत स्पोक पुसायची पोर.
मी म्हणालो, हो, आमच्या पाळ्या आहेत.
मला हे माहीत नव्हतं. अकरा वर्षं मला वाटत होतं की आमच्या पार्किंगमध्ये मुळात धूळच कमी.
वर यायच्या आधी सीट उघडली. आत एक फडकं होतं, पिवळं, बारीक फुलांचं, चार घड्या घातलेलं. हिचा कुर्ता होता तो. लग्नानंतर पहिल्यांदा गाडीवरून फिरायला गेलो तेव्हाचा. मला बरं वाटेना. सीट बंद केली.

बुधवार, १८ जानेवारी
डोकं चालवलं. धूळ येते कुठून? रस्त्यावरून. मग गाडी रस्त्यावर न्यायचीच कशाला? आजपासून ऑफिसला बस. गाडीवर कव्हर. ही येईल तेव्हा शोरूममधून काढल्यासारखी दिसली पाहिजे.
हिला फोन करून सांगितलं, गाडी चकाचक आहे. बरं म्हणाली. टाके काढले का, हे विचारायचं राहून गेलं.

रविवार, २९ जानेवारी
फोन मेव्हणीने उचलला. ही झोपली होती, दुपारी बाराला. मी म्हटलं, तिला सांगा, आरसेसुद्धा पॉलिश केलेत. मेव्हणी म्हणाली, टाके अकरा तारखेलाच निघाले, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगतेय.
विचारणारच होतो.

रविवार, ५ फेब्रुवारी
मेकॅनिक इथूनच चालला होता. त्याला हौसेने कव्हर काढून गाडी दाखवली. वाटलं, तोंडात बोट घालेल. तर विचारतो कसा, शेवटची चालू कधी केली होती? म्हणे, अशी उभी राहिली की बॅटरी बसते, पेट्रोल खराब होतं, टायर एकाच जागी दबतात. पुसून गाडी टिकत नाही साहेब, रोज दोन किलोमीटर तरी फिरवा.
याला काय जातं बोलायला. बिघडली तर कामं यालाच मिळणार ना.

गुरुवार, १६ फेब्रुवारी
घर खायला उठतं. दोन कप चहा केला. सवय. दुसरा कप खाली नेला आणि गाडीजवळ उभा राहून प्यायलो. काकांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत. त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ९.४०
हिचा फोन! आपण होऊन! रविवारी अकराला येते आहे. सर्टिफिकेटं आणि कपडे न्यायचे आहेत म्हणाली. ते निमित्त असणार. गाडी गेटसमोर, आरसा उन्हाकडे. मी सहज म्हणणार, चल, सोडतो. बसली की जमलं. वाटेत सगळं बोलू.

रविवार, २६ फेब्रुवारी. दुपारी १.२०
आली. बरोबर अकराला. बारीक झालीय. कपाट आवरायला तिला वीस मिनिटं पुरली. बाथरूममध्ये गेली, ग्लासातला ब्रश बघितला आणि म्हणाली, हा माझा नाही.
खाली आलो. मी म्हणालो, चल, सोडतो. वाटलं होतं, नाही म्हणेल. पण तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, चल, स्टॉपपर्यंत सोड.
बटण दाबलं. नुसती टिकटिक. किक मारली. चाळीसपर्यंत मोजल्या, मग मोजायचं सोडलं. घामाने शर्ट भिजला. ती बॅग घेऊन उभी होती, हॉस्पिटलमध्ये बसली असेल तशीच. मी किक मारता मारता विचारलं, टाके दुखतात का. म्हणाली, आता नाही.
मग तिने सीट वर केली, फडकं काढलं आणि माझा घाम टाकीवर पडला होता तो पुसला. आरसा पुसला. कुठे पुसायला काही नव्हतं, तरी पुसत राहिली. मी किक मारायचं थांबवलं. तिने फडक्याच्या चार घड्या घातल्या, माझ्या हातात दिलं, म्हणाली, राहू दे, उशीर होतोय.
गेटापासून वळणापर्यंत मी बघत होतो. बॅग या हातातून त्या हातात घेतली तिने दोनदा. मी धावत जाऊन घ्यायला हवी होती. त्यासाठी गाडी लागत नाही, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

दुपारी ४.३०
मेकॅनिक येऊन बॅटरी बदलून गेला. पहिल्याच किकला चालू झाली.
उद्यापासून रोज साडेपाचला उठून गाडी फिरवायची. कुठे, ते बघू.