सुरंगी पहिली आली

दादा,

शर्यत सुटायच्या गेटात बिथरून तुझा पाय मोडणारी सुरंगी आज पुण्याच्या रेसमध्ये पहिली आली. तू तबेल्यातलं काम सोडून भोकरला गेलास, तेव्हा मालक म्हणले, "ही घोडी विकून टाकू."

मी म्हणलो, "शिकल ती, साहेब."

मग रोज सकाळी, तुझ्यासारखंच हळू बोलत, तिला रिकाम्या गेटातून चालवत नेलं. आज ती गेटात गप उभी राहिली. शेवटच्या वळणापर्यंत मागंच होती, तिथून मान लांबवून एकेकाला मागं टाकत आली. लई देखणी पळती रे!

वहिनीनं बजावलंय, "ह्यांच्यापुढं घोड्याचं नाव काढू नका." म्हणून हे पत्र टाकणार न्हाई. तुझं लंगडणं आठवून तिच्यावर राग धरायला बघतो, पण तिला पळताना पाहिलं की धरवत न्हाई. तुलाबी धरवला नसता.

तुझा धाकटा,
वैजनाथ