बागेत घातलेली पेन्शन

बाबा, काल आईने पुन्हा विचारले, बागेचे काय ठरवलेस. ज्याने तुम्हाला शेंदूरजनाघाटची ती जमीन विकली, तोच आता निम्म्या किमतीत परत मागतो आहे. आई म्हणाली, "देऊन टाक त्याले. पैसा पोस्टात ठेवू, महिन्याचं काहीतरी तं निघन." तिचे बरोबर आहे. तुमची पेन्शन तुमच्याबरोबर गेली. आता सरकारी नोकराच्या विधवेला पेन्शन देण्याचा नियम निघाला आहे, पण आधी गेलेल्यांच्या बायका त्यात बसत नाहीत. तिच्या म्हातारपणाला माझा इथल्या, अकोल्याच्या कचेरीतला पगार आहे आणि तुमची ती वाळलेली संत्र्याची बाग.

शाळेच्या आधी मला तुम्हीच शिकवले. अमरावतीच्या घरी, चुलीजवळ, पगाराच्या संध्याकाळी बेरीज-वजाबाकी व्हायची. तुम्ही विचारायचे, "पहिला वाटा कोनाचा?" मी म्हणायचे, "म्हातारपनाचा." तुम्ही खूश व्हायचे. फंडात सक्तीपेक्षा जास्त कापून घ्यायचे आणि आई फाटल्यावर दंड घालून जोडलेले लुगडे नेसून तुम्हाला वाढायची. एकदा शाळेची सहल चिखलदऱ्याला निघते. मी दारात उभी आहे, तुम्ही वर न बघता म्हणता, "म्हातारपनी चिखलदरा शिजवून खाशीन काय?" मी गेले नाही. मला पटले होते, हेच मला आज जास्त लागते.

निवृत्त झालात आणि वर्षभरात फंडाचे सगळे पैसे, शिवाय पेन्शनीचा मोठा भाग सरकारला विकून मिळालेली रक्कम, त्या उतारावरच्या जमिनीत घातलीत. तुम्ही, ज्यांनी आयुष्यभर कुणाला उसने दिले नाही. पाणी बघायला पाणाड्या आणलात. धर्मांतराच्या वर्षी घरातले सगळे देव तुम्ही स्वतःच्या हाताने बाहेर काढले होते, आणि आता तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या त्या माणसाच्या मागे तुम्ही चालत होता. आई बांधावरून म्हणाली, "देवाले हाकललं, अन् आता नारळाच्या मांगं फिरून राहिले." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केलेत. मी विचारले, नारळाला पाणी कसे कळते. तुम्ही म्हणालात, "चार बुकं शिकली म्हनून मलेच शिकवून राहिली काय? चूप बस." नारळ जिथे उभा राहिला तिथे विहीर खणली. खाली काळा खडक निघाला. सुरुंग लावले, तरी खडकच.

संत्र्याला फळ यायला पाच-सहा वर्षे लागतात. पंचावन्न वर्षांच्या माणसाने ती लावली आणि बैलगाडीवर पिंप ठेवून दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून पाजले. चौथ्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. एकही फळ बघितले नाहीत. आमच्या न शिवलेल्या कपड्यांचे, न केलेल्या सहलींचे, आईच्या न बसवलेल्या दातांचे पैसे त्या खड्ड्यात आहेत. मला ठाऊक आहे, जमीन विकणाऱ्या याच माणसाच्या बापाच्या बागेत आजी रोजाने संत्री तोडायची, आणि खाली पडलेले एक उचलले म्हणून तुम्ही मार खाल्ला होता. आपल्यात कुणाच्या नावावर कधी वावर नव्हते. हे कळते. राग कमी होत नाही.

गेल्या महिन्यात मी तिथे जाऊन आले. शेजारी, धुऱ्याच्या बांधापलीकडे, त्याचेच वावर आहे. त्याने स्वतःची विहीर खोल केली आणि तिला पाणी लागले. तिथल्या गड्याला मी विचारले, मग हा आमची का मागून राहिला? तो हसला. "बाई, पानी काय तुमचा धुरा पाहून थांबते? तुमीबी दहा हात खाली जा." खात्री कुणालाच नाही. खात्री नसताना म्हातारपणाचे पैसे जमिनीत घालणे म्हणजे काय, ते माझ्याइतके कुणाला माहीत असणार? आठ दिवस मला झोप लागली नाही. विकायचे नाही, एवढेच सकाळी ठरलेले असायचे.

म्हणून विहीर खोल करायला माझ्या फंडातून उचल मागितली आहे. विहिरीसाठी ती मिळत नाही. लग्नासाठी मिळते, आजारासाठी मिळते. तुम्ही नोकरीत एक अक्षर खोटे लिहिले नव्हते. हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून लिहिते. अर्जात मी कारण लिहिले, आईचे आजारपण. ती समोर बसून तांदूळ निवडते आहे, चांगली धडधाकट.