बसला इंग्रजीत काय म्हणतात

३ सप्टेंबर
परवा परदेशातल्या खासदारबाई आमच्या गावच्या बायकांचं सक्षमीकरण ऐकायला येणार. दुभाषा मी. अख्ख्या गावात इंग्रजी येतं कुणाला? (मैसूनला येतं थोडंफार. पण शेवटी मुलगी माझीच.) पोरीला करक शहरातल्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळालीय. गावातून करकला बस नाही. एक ऑक्टोबरला दुपारी बारापर्यंत हजर झाली नाही, तर जागा गेली. म्हटलं, बाई आल्या की बस आलीच समज.
संकल्प : बायका बोलताना मध्ये तोंड घालायचं नाही.

५ सप्टेंबर
मनसफ झकास, भातावरचं मटण लोण्यासारखं. बाईंनी विचारलं, तुमच्यावरचं सर्वांत मोठं बंधन कोणतं? माझी बायको रस्मिया म्हणाली, बस नाही. बाकीच्याही एका सुरात, बस, बस. एवढ्या लांबून आलेल्या बाईंना काय बस सांगायची? बरं दिसत नाही. मी म्हटलं, संचारस्वातंत्र्य. बाईंच्या डोळ्यांत पाणी. ते कुणी हिरावलं, म्हणाल्या. त्यांच्याकडे निवडणूक तोंडावर, उत्तर वजनदार हवं. म्हटलं, परंपरेने.
मैसून चहा ओतता ओतता थांबली. बाबा, बस राहिली, म्हणाली. म्हटलं, त्यातच आली.
(मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी घातलं.)

६ सप्टेंबर, सकाळी
मैसूनला करकला कागद द्यायचे होते. रस्त्यात हात आडवा करून टोमॅटोचा ट्रक थांबवला. बाईंच्या माणसाने फोटो काढला. माझी डावी बाजू आली असावी. ती चांगली येते.

१९ सप्टेंबर
बसचं पत्र नाही. मोठ्या कामांना वेळ लागतो. छातीत धडधडतं. कॉफी बंद.

२० सप्टेंबर
कॉफी सुरू.

२४ सप्टेंबर
बाईंचं संसदेतलं भाषण गावभर फोनवर आलं. मागे मोठ्ठा फोटो : हात आडवा केलेला मी, पाठीमागे मैसून. ट्रक कापलेला. म्हणे, हा बाप मुलीला कॉलेजात जाऊ देत नाही. असल्या लोकांना आपण देतो ती मदत थांबवा. टाळ्या. मैसूनने आईला वाक्यन् वाक्य सांगितलं, कुठेही न चुकता. रस्मिया उठून आत गेली.

२६ सप्टेंबर
मदत थांबली. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, त्या मदतीत आपल्या गावची बस होती. रस्मिया अजून बोलत नाही. मला भीती वाटते. खूप.

१ ऑक्टोबर
सकाळी सहापासून रस्त्यात हात आडवा करून उभा. पाठीमागे मैसून, तिची आई, बॅग. टोमॅटोचा ट्रक आला. ड्रायव्हर ओरडला, अबू मैसून (मैसूनचा बाप, म्हणजे मी), आता तरी सोड की पोरीला! हसत निघून गेला. थांबला नाही.
बारा वाजले. मैसूनने बॅग उचलली, घराकडे वळली.
आठवड्याने रस्मिया पहिल्यांदा बोलली. विचारलं, अहो, बसला इंग्रजीत काय म्हणतात?
म्हटलं, बस.