नदीला कूलर समजले त्याबद्दल

प्रिय अश्विनराव यांस,
सप्रेम जयभीम.

मी, सुगत मोतीराम गवई, वाणिज्य पदवीधर, नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यातील लेखापाल आणि तुमच्या रश्मीताईचा नवरा, हे पत्र दीक्षाच्या नाटकासंदर्भात लिहीत आहे. (तुम्ही मला ओळखता, तरी पत्राच्या आरंभी लिहिणाऱ्याची ओळख असावी, असे माझे मत आहे.) अकोल्याच्या उन्हात तुम्हा सर्वांच्या प्रकृती ठीक असाव्यात. आम्ही अमरावतीच्या उन्हात ठीक आहोत.

दीक्षाने बसवलेल्या नाटकात एक नावाडी आहे, आणि नदी नसेल तर नावाडी नुसताच उभा राहतो. ध्वनीची जबाबदारी तिने माझ्यावर सोपवली. पुढच्या महिन्यात ती नोकरीसाठी पुण्याला जाईल. बापलेकीने मिळून केलेले हे एकमेव काम, म्हणून मीही ते मनावर घेतले. कौंडण्यपूरला जाऊन वर्धा नदीचा आवाज मुद्रित केला, तर त्यात ट्रॅक्टर, डीजे आणि खुद्द माझा खोकला निघाला. मग नदी संगणकावरच घडवायचे ठरवले. पद्धत सोपी आहे. दूरचित्रवाणीच्या बंद पडलेल्या वाहिनीसारखी खरखर घ्यावी, तिचा तीक्ष्ण भाग गाळून ती हळूहळू चढवावी-उतरवावी, की वारा होतो. वर बारीक थेंब अनियमितपणे पेरावेत, की पाणी होते. (अनियमितपणा मुद्दाम करणे मला आयुष्यात प्रथमच जमवावे लागले.) पहिल्या प्रयत्नाला तुमची ताई बाहेरून आली आणि भजी कोण तळत आहे, ते पाहून गेली.

रंगीत तालमीला मात्र सभागृहात नदी सुरू झाली आणि पुढची रांग खुर्च्यांसकट ध्वनिक्षेपकासमोर सरकली. शेजारच्या केशरबाईंनी डोक्यावरचा पदर काढून मान पुढे केली. “पंप त चालू हाये, पन टाकीत पानी कमी वाटते,” असे म्हणत त्यांच्या बाजूला बसलेले नत्थुजी बादली शोधू लागले.

“बाबा, लोकं नदी पाहून नाही राहिले, हवा खाऊन राहिले,” दीक्षा म्हणाली. ती हसत होती. पण रविवारच्या अकोल्याच्या प्रयोगापर्यंत नदी नदीसारखी झाली नाही, तर तयार ध्वनिफीत लावीन, हेही तिने बजावले.

मी खालची एकसुरी घरघर काढली आणि नावेच्या लाकडावर पाणी आपटल्याचा आवाज घातला. काल पुन्हा तालीम झाली. नदी सुरू होताच केशरबाईंनी लुगड्याचा काठ वर धरला आणि पाय खुर्चीवर घेतले. दीक्षाने माझ्याकडे पाहून मान डोलावली, आणि मी त्या आनंदात नावाडी उतरून गेल्यावरही नदी वाहती ठेवली.

ता. क. : तुमच्या सभागृहात चारही भिंतींना मोठे कूलर आहेत, असे कळले. ते चालू असताना माझी नदी ऐकू जाणार नाही. तरी नावाडी दोर सोडू लागताच तुम्ही उठून ते सर्व बंद करावेत, ही नम्र विनंती. हे पत्र त्याचसाठी आहे.

ता. क. २ : मे महिन्यात अकोल्यात कूलर बंद करणाऱ्याला लोक काय म्हणतात, याची मला कल्पना आहे, म्हणूनच हे काम घरच्या माणसाकडे दिले. खुर्ची दाराजवळची घ्यावी आणि चप्पल पायातच असू द्यावी.

आपला,
सुगत मोतीराम गवई
(ताज्या कलमांखालीही सही लागते, म्हणून येथे केली.)
अमरावती, दि. १३ मे २०२५