खळखळणारा डबा

मंगळवार, संध्याकाळ

रंग आणायला तुमसरला गेलो आणि रिकाम्या हातानं परत आलो. परवा करडीच्या शाळेच्या भिंतीवर चित्र सुरू करायचं आहे. पांढऱ्या रंगाचा डबा कानाशी धरून हलवला, तर आत खळखळ. घट्ट रंग असा वाजत नाही.

दुकानदार शेठ हसला. "भाऊ, नारळ आहे काय, हलवून पाहून राहिले?"

म्हटलं, "नारळात पाणी चालते, शेठ."

सील तर शाबूत होतं. मग खळखळ कशाची? "ठेवला तर रंग खाली बसते," म्हणाला. असेलही. पण मी न मागता त्यानं मागच्या खोलीतून दुसरा डबा काढला, तो अगदी मुका. मग समोरचे डबे कोणासाठी? दुसराही घेतला नाही.

खरं सांगायचं तर ती खळखळ माझ्या ओळखीची. पहिल्या ठेकेदाराकडे होतो तेव्हा सील न तोडता झाकण काढून पाणी मीच घालायचो. एका पावसात अख्खी भिंत ओघळली, चित्राखाली नाव माझं होतं.

आल्यावर शाळेच्या बाईंना फोन केला, दोन दिवस उशीर होईल म्हणून.

"काहून हो भाऊ?"

"रंग पसंत नाही पडला," म्हटलं. बाकीचं नाही सांगितलं.