पायाची बाहेरची कड

रविवार, १४ मार्च

चि. ठमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतेस, म्हणून पत्र लिहायला बसले. पत्र मध्येच तोडता येत नाही.

पायातला तो अवजड बूट एकदाचा निघाला. आता साधी चप्पल घालून जिना चढते-उतरते. टाचेमागे सुईचे बारीक ठिपके तेवढे राहिलेत, डास चावल्यासारखे. वरच्या मजल्यावरच्या काकूंना काही ते पटत नाही. त्यांच्या भावाची टाचेची हीच शीर तुटली तेव्हा वीतभर कापलं होतं म्हणे. "तुमचं ऑपरेशन झालंय ना नक्की?" असं परवा विचारत होत्या.

शाळेत अजून माझी चेष्टा चालू आहे. मी खेळाची बाई, या वयात उडी कशी मारायची ते मुलींना तोंडी सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण मला करून दाखवायची हौस. शीर तुटली तेव्हा मागून कुणीतरी लाथ घातली असं वाटून मी एका मुलीवर ओरडलेसुद्धा. ती बिचारी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती.

काल तुझ्या सरांकडे तपासणीला गेले होते. त्यांनी पोटरी दाबली, पाऊल झुकलं, शीर जुळली म्हणून ते खूश झाले. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुमची लेक हल्ली ऑपरेशनला उभीच राहत नाही. नुसती ओपीडी बघते. तुम्ही बोलून बघा." मी मान डोलावली. मला तू कामाचा ताण आहे एवढंच सांगितलं होतंस.

ऑपरेशनच्या दिवशी मी झोपले नव्हते. कमरेत भूल दिली होती, पालथं झोपवलं होतं, औषधाने डोकं जड झालं होतं, पण कान शाबूत होते. आपल्या माणसावर आपण हात चालवायचा नाही, हा तुमचा नियम तूच मला सांगितला होतास. तरी तू म्हणालीस, "सर, बाहेरच्या बाजूची सुई मी घालू?" सर जरा थांबून म्हणाले, "घाल. झोपल्यात त्या." भीती वाटली नाही. मला अभिमान वाटला, आणि तो दिसू नये म्हणून तोंड उशीत खुपसलं.

त्या पायाची करंगळी आणि बाहेरची कड बधिर आहे. तुला ते सरांकडून कळलं असणार, कारण तेव्हापासून तू घरी फिरकली नाहीस. तिथून एक नस जाते, तिला सुई लागली असेल, असं सर म्हणाले. त्यांच्याही हातून हे झालेलं आहे. बधिरपणा जाईल किंवा राहील. मी तो राहील असंच धरून चालले आहे.

काही झालंच नाही असं मी लिहिणार नाही. झालं आहे. मला रागही आला. तो सुईचा नव्हता, तू यायची बंद झालीस त्याचा होता.

पुढच्या रविवारी ये. टाचणी घेऊन तूच टोचून बघ. कळलं तर कळलं म्हणेन, नाही तर नाही. तुझं मन राखायला खोटं बोलणार नाही. आणि सोमवारी ऑपरेशनला उभी राहा. एका पायाची शीर तुटली की दुसऱ्या पायालाही धोका असतो, असं सर सांगत होते. तसं झालंच तर मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, आणि तोवर तुझा हात बसलेला असायला हवा.

तुझी पेशंट,
आणि आई