बसायची जागा

प्लेनो,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप बाबांस,

आश्लेषाचा साष्टांग नमस्कार. आधी खुशाली लिहायची आणि मग विषयाला हात घालायचा, असं तुम्हीच मला चौथीत शिकवलं होतंत. तर आम्ही खुशाल आहोत. आन्याच्या दातांना तारा बसवल्या आहेत, त्यामुळे ती हसत नाही, नुसती बोलते. कढीपत्त्याच्या कुंडीने हाही उन्हाळा काढला. तुमचा लेक नकुल सांगत होता की तुम्ही अजून रोज सकाळी अंबाझरी तलावापर्यंत चालत जाता आणि बाकावर बसलेल्या तुमच्याच वयाच्या लोकांना नावं ठेवता. ऐकून बरं वाटलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही दोन मिनिटांत 'बरं, ठेवतो' म्हणता आणि मीही सुटल्यासारखी ठेवून देते. तीन वर्षं आपलं हेच चाललं आहे. पत्र मात्र तुम्ही मध्येच सोडणार नाही. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलीत, पण शेवटची ओळ वाचल्याशिवाय कुठल्या कागदावर सही केली नाहीत.

विमानतळाचं काम आता संपत आलं आहे. जुन्या टर्मिनलला जोडून बावीस गेटांची नवी इमारत, आणि तीही विमानतळ एक दिवससुद्धा बंद न ठेवता. पाणी चालू ठेवून कालवा दुरुस्त करायचा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. कामाच्या प्रत्येक टप्प्यात प्रवाशांनी कुठून चालायचं, हे आखणं माझ्याकडे होतं. मार्चमध्ये उद्घाटन आहे. ऑफिसात माझं कौतुकही चाललंय, आणि मला ते नीट घेता येत नाही.

त्या निळ्या जॅकेटबद्दल लिहायचं आहे. 'त्या बाईंचं जॅकेट परत केलंस का,' असं तुम्ही मला पाच वेळा विचारलंत आणि पाचही वेळा मी हो म्हणाले. ते खोटं होतं. धुऊन, घडी करून मी ते कपाटात ब्लँकेटांच्या खाली ठेवलं होतं. परत करायला गेले असते तर त्या बाईंशी बोलावं लागलं असतं.

तीन वर्षांपूर्वी, आई गेल्यावर, तुम्ही पहिल्यांदाच एकटे इकडे येत होतात. नकुलने तुमच्या तिकिटावर व्हीलचेअर सांगितली होती. इथे सगळेच आपल्या आईवडिलांसाठी सांगतात. पाय धडधाकट असतात, पण इंग्रजीत कुणाशी बोलावं न लागता कोणीतरी दारापर्यंत पोचवतं, म्हणून. मला त्याचा राग होता. आम्ही त्या खुर्च्या मोजतो. एकेका विमानाला तीस-चाळीस लागतात, आणि ज्याला खरंच चालता येत नाही तो ताटकळतो. मी नकुलला न विचारता फोन करून तुमची खुर्ची कॅन्सल केली. तुम्हीही खूश झालात. मला काय धाड भरली आहे, म्हणालात.

शिकागोला विमान बदलून तुम्ही इथे उतरलात, तेव्हा मी ऑफिसच्या चौघांना विमानातून उतरलेल्यांनी बाहेर यायचा तात्पुरता रस्ता दाखवत होते. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या भिंती, सहाशे मीटर लांब, आणि मधली स्वच्छतागृहं कामासाठी बंद. तुमचा तीस तासांचा प्रवास झाला होता. अर्ध्या वाटेत तुम्ही भिंतीला टेकून खाली बसला होतात. पँट ओली झाली होती. सफाई करणाऱ्या बाईंनी आपलं जॅकेट काढून तुमच्या मांडीवर घातलं होतं आणि आपली गाडी आडवी लावून त्या तुमच्यापुढे उभ्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्याला काही दिसू नये म्हणून.

आणि मी म्हणाले, "बाबा, उठा. माझ्या ऑफिसचे लोक आहेत."

तुम्ही उठलात. तीन महिन्यांसाठी आला होतात, तीन आठवड्यांत परत गेलात. त्यानंतर तुमचा गुडघा दुखू लागला, मग घराला रंग काढायचा होता, मग सोसायटीची निवडणूक आली. मी एकदाही आग्रह केला नाही, कारण निमित्तं मलाही हवीच होती.

आता जे घरात कुणालाच सांगितलेलं नाही, ते. त्या रस्त्याच्या मूळ नकाशात खुर्च्या होत्या. मी त्या काढल्या. रुंदी कमी पडत होती, कॉम्प्युटरवर खुर्च्या काढल्या की गर्दी सरसर पुढे जाताना दिसायची. त्या नकाशावर माझी सही आहे.

गेल्या महिन्यात मी त्या बाईंना शोधून काढलं. रोझा त्यांचं नाव, आता दुसऱ्या टर्मिनलला असतात. जॅकेट दिलं. त्यांना सगळं आठवत होतं. तुम्ही बसल्या बसल्या भिंतीवर हात ठेवून 'चेअर, हिअर' म्हणत होतात, असं त्या म्हणाल्या. मग लांबवर, मी येत होते तिकडे बोट दाखवून तुम्ही म्हणालात, "माय डॉटर. गुड इंजिनिअर."

तुम्ही येण्याच्या चार महिने आधी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला तोच नकाशा मोठ्या हौसेने दाखवला होता. तुम्ही चष्मा वर करून विचारलं होतंत, "दमलेला माणूस बसणार कुठे?" आणि मी हसून म्हणाले होते की इथे कोणी बसत नाही, बाबा. म्हणजे जमिनीवर बसलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. हा रस्ता कुणी आखलाय ते माहीत होतं. तरी ना त्या तीन आठवड्यांत, ना नंतर, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

बाबा, चुकलं माझं. खुर्च्यांचं चुकलं आणि 'उठा' म्हणाले ते चुकलं. दुसरी चूक मोठी आहे.

सहीच्या आधी तुम्ही प्रत्येक कालवा पायी बघायचात. सहाय्यक अभियंते वैतागायचे, आईही वैतागायची. मीही आता नवी इमारत पायी बघितली, तुमच्या चालीने, दोन्ही हातांत बॅगा घेऊन. आन्याला बरोबर घेतलं होतं. ती दर पाच मिनिटांनी "मॉम, कॅन वी सिट?" म्हणायची आणि मी लिहून घ्यायची. मग चार मीटिंगा भांडले. दुकानांची जागा जाते, असं विमानतळवाल्यांचं म्हणणं. शेवटी दर पन्नास मीटरवर बसायला जागा मिळाली. सतराव्या गेटपुढचा एकशेदहा मीटरचा तुकडा तेवढा अजून मोकळा आहे. तिथे मी हरले आहे, निदान आजपर्यंत तरी.

उद्घाटनाच्या आधी, फेब्रुवारीत, इथे खऱ्या माणसांना सामानासकट चालवून बघतात. कुठे अडतं, कुठे दमायला होतं, ते लिहून घेतात आणि त्यावर शेवटचे बदल होतात. त्या यादीत मी एक नाव घातलं आहे : दिगंबर वऱ्हाडपांडे, वय शहात्तर, निवृत्त उपअभियंता. तुम्ही त्या तुकड्यावर जे सांगाल ते कागदावर येईल आणि त्यांना ते वाचावं लागेल. नाही आलात तर मी नाव खोडणार नाही, जागा रिकामी ठेवीन.

तिकिटावर व्हीलचेअर सांगू का? या वेळी विचारते आहे. तुम्ही सांगाल तसं.

त्या दिवशीही ऑफिसचे लोक असतील, बहुतेक तेच चौघं. तुम्ही हवं तिथे थांबा, बाबा, हवं तिथे बसा. तिथे खुर्ची नसेल तर त्यांच्यादेखत मीही तुमच्या शेजारी खाली बसेन.

तुमची वाट बघणारी,
आश्लेषा